आय-खानूमचा उंबरा

ओर्लानं व्हीआर हेडसेट डोक्यावर घट्ट केला, दोन्ही हात पुढे धरले आणि ती रिकाम्या खोलीतून चालू लागली. तिला जे दिसत होतं ते समोरच्या स्क्रीनवर उपेंद्रलाही दिसत होतं. मातीच्या विटांची उंच भिंत, उन्हानं पांढरा पडलेला रस्ता आणि रस्त्याच्या टोकाला नदी. खोलीत खरं तर एक गालिचा आणि दोन खुर्च्या होत्या, आणि खिडकीबाहेर क्लोनडॉकिनच्या बिझनेस पार्कमधलं टायरचं दुकान.

"भिंत छान झालीय," ओर्ला म्हणाली. "विटा कच्च्याच दिसतायत. नाहीतर लोक ग्रीक म्हटलं की सगळीकडे संगमरवर ओततात."

उपेंद्रनं मान डोलावली. ती तिला दिसणार नाही हे लक्षात आल्यावर तो "ग्रँड" म्हणाला.

ग्रँड, म्हणजे ठीक आहे, हा शब्द आयर्लंडनं जणू उपेंद्रसाठीच करून ठेवला होता. कसा आहेस, ग्रँड. कॉफी घेणार, नको, ग्रँड. गेलं वर्षभर त्याचं या एका शब्दावर भागत होतं. कुणी पुढे काही विचारत नसे, आणि विचारलं असतं तरी त्याच्याकडे दुसरं उत्तर नव्हतं.

ओर्ला विद्यापीठातून निवृत्त झालेली पुरातत्त्वाची प्राध्यापक. डब्लिनमधल्या एका म्युझियमला आय-खानूमवर प्रदर्शन भरवायचं होतं. शहर उभं करायचं काम उपेंद्रच्या कंपनीकडे आलं होतं, आणि त्यातला दगडन् दगड तपासायचं काम ओर्लाकडे. तिचा लाडका शब्द होता पुरावा. पुरावा असेल तर ती गाढवालाही राजवाड्यात जाऊ द्यायची, नसेल तर राजालाही बाहेर काढायची.

आय-खानूम हे सिकंदराच्या मागून आलेल्या ग्रीकांचं शहर. आजच्या अफगाणिस्तानच्या उत्तर टोकाला, दोन नद्यांच्या संगमावर. त्यांच्या ओळखीचं जग इथंच संपत होतं. पलीकडे गवताळ मैदानं आणि घोड्यांवरून हिंडणाऱ्या टोळ्या. म्हणूनच की काय, घरापासून इतक्या लांब आलेल्या या माणसांनी नाट्यगृह बांधलं, व्यायामशाळा बांधली, खांबांच्या माथ्यावर दगडी पानं कोरली आणि कोठारात ऑलिव्हचं तेल भरून ठेवलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उपेंद्रला आपल्या इथल्या मराठी मंडळातली माणसं आठवली होती. तीही गणपतीच्या पुरणासाठी डाळ पुण्याचीच हवी म्हणून हट्ट धरून बसत. पुढे शहर जळलं, ओस पडलं आणि मातीखाली गेलं. दोन हजार वर्षांनी फ्रेंच लोकांनी ते अर्धंमुर्धं उकरलं. मग लढाया आल्या, चोर आले, आणि उरलंसुरलं त्यांनी खणून नेलं. आता तिथं पाहण्यासारखे फक्त खड्डे आहेत. म्हणून तर म्युझियमला हेडसेट हवे होते.

उपेंद्रच्या वाट्याला घरं आली होती. पुढे अंगण, मग दोन खांबांची ओसरी, मग बैठकीची खोली. ओर्ला अशाच एका घराच्या दारापर्यंत आली आणि थबकली.

"हे काय?"

"चपला," उपेंद्र म्हणाला.

"ते दिसतंय. पण बाहेर का?"

उपेंद्रला प्रश्नच कळला नाही. चपला उंबऱ्याबाहेर नाहीत तर कुठे असणार? मग कळला, आणि त्याचे कान गरम झाले.

"घरात ते अनवाणी फिरतही असतील," ओर्ला म्हणाली. "पण दाराबाहेर अशी रांग? याला पुरावा नाही. हे ग्रीकांचं घर आहे, उपेंद्र. तुझ्या आईचं नाही." ती हसली. ती प्रेमानंच बोलत होती. मग ती खाली वाकली. "दोन जोड मोठे, एक लहान. आणि लहानातली एक उलटी पडलीय. सुरेख बारकावा आहे हं. पण काढ."

"काढतो."

"शुक्रवारी सगळ्यांच्या घरची मंडळी शहर बघायला येतील त्याच्या आत. तुझ्याकडून कुणी येणार आहे ना?"

"बघतो," उपेंद्र म्हणाला.

ती गेल्यावर तो स्क्रीनसमोर बसून राहिला. चपला आपणच ठेवल्या असणार यात शंका नव्हती, त्या घराला दुसऱ्या कुणाचा हात लागलाच नव्हता. पण ठेवल्याचं आठवत नव्हतं. चपलेचा नमुना कुठून घेतला ते आठवत होतं. शहराच्या मोठ्या देवळात एका भव्य देवाची मूर्ती होती. तिची फुटकीतुटकी दोनचार अंगं सापडली. त्यातलं सगळ्यात ठसठशीत म्हणजे डावं पाऊल, संगमरवरी, पट्ट्यांची चप्पल घातलेलं. बाकीचा देव बहुधा मातीचा होता आणि तो मातीत गेला. उपेंद्रनं त्या पावलाचे फोटो समोर ठेवून डावी चप्पल घडवली होती. ती आरशात धरल्यासारखी फिरवून उजवी केली, आणि माणसाच्या मापाला आणली. मग लहान जोड.

त्यानं लहान चपलेवर क्लिक केलं. लांबी सतरा सेंटिमीटर. हा आकडा कुठल्या पुस्तकातला नव्हता. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये शाळेचे बूट घ्यायला गेले तेव्हा दुकानातल्या बाईनं त्याच्या लेकीचा, सानिकाचा पाय लोखंडी पट्टीवर ठेवून मोठ्यानं वाचलेला होता. सानिकानं तो घरी येईपर्यंत गाण्यासारखा म्हटला होता.

सानिका ऑक्टोबरात गेली. शाळेत रुळायलाही तिला वेळ मिळाला नाही. मेंदूत उतरलेला ताप होता, डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं, आणि तिसऱ्या दिवशी ती नव्हती. उपेंद्र रडला नाही. लोक म्हणाले, खंबीर आहे हो, बायकोसाठी, केतकीसाठी उभा राहिला. तो कशासाठीच उभा नव्हता. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं त्याचं सगळ्याच अंगाचं झालं होतं, आणि त्या इंजेक्शनचा अंमल उतरेचना. तो जेवत होता, झोपत होता, घरं बांधत होता. फक्त तिचं नाव त्याच्या तोंडून येत नव्हतं. आणायचा त्यानं दोनतीनदा प्रयत्न केला होता. जीभ हलायची नाही.

त्यानं मोठे दोन जोड निवडले आणि पुसले. उंबऱ्यासमोर आता फक्त लहान जोड उरला. ते इतकं वाईट दिसलं की त्यानं घाईघाईनं मोठे दोन्ही परत आणले. मग कॉम्प्युटर बंद करून तो घरी गेला.

घराच्या पोर्चमध्ये दोनच जोड होते, केतकीचे, भिंतीला टाचा लावून ठेवलेले. तिला चपला नीट लागायच्या. सानिका बाहेरून आली की पाय झटकायची आणि एक चप्पल हमखास उलटी पडायची. केतकी ती सरळ करता करता रोज म्हणायची, "उलटी चप्पल, घरात भांडण. किती वेळा सांगायचं गं?" सानिका तिच्या आयरिश हेलात म्हणायची, "इट्स ग्रँड, आई." आता वर्षभर घरात उलटी चप्पल नव्हती. भांडणही नव्हतं. दोघं एकमेकांशी इतकं जपून वागत की पाहुण्याला वाटावं, नुकतीच ओळख झाली आहे.

बैठकीच्या खोलीत सूटकेस उघडी होती. केतकी स्वेटरची घडी घालत होती. ती एका औषधांच्या कारखान्यात क्वालिटीला होती, रजा मागितल्याबरोबर मिळाली होती. रविवारचं पुण्याचं तिकीट होतं. परतीचं काढलं नव्हतं.

"पोळ्या आहेत," ती म्हणाली. "भाजी गरम कर."

"करतो."

"तुझ्या ऑफिसात शुक्रवारी काहीतरी आहे म्हणे. तुमच्या जयेशची बायको म्हणाली, ते सगळे जाणारेत."

"आहे. जुनी घरं-बिरं आहेत नुसती. तुला कंटाळा येईल."

केतकीनं घडी मोडली आणि परत घातली. "जिन्याखालच्या प्रेसमध्ये तिचे बूट आहेत," ती म्हणाली. कपाटाला प्रेस म्हणायला सानिकानंच घरात सुरुवात केली होती. "मी नेत नाहीये. तू टाकूही नकोस."

"नाही टाकणार."

"बस, एवढंच?"

"अजून काय?"

ती खाली बसली. तिच्या मांडीवर स्वेटर होता. "हे बघ, तू मला थांब म्हण अशी माझी अपेक्षा नाही. पण वर्ष झालं, तू तिचं नाव घेतलेलं नाहीस. मी एकटीच घेते. भिंतीशी बोलल्यासारखं होतं. मला कधीकधी शंका येते, की ती माझी एकटीचीच होती. तिकडे निदान आई तरी नाव घेईल, रडेल माझ्याबरोबर. मी परत येईन की नाही, मला खरंच माहीत नाही."

उपेंद्रला ते सगळं ऐकू आलं. त्यातला शब्दन् शब्द खरा होता हेही कळलं. काहीतरी बोलायची हीच वेळ आहे, ही गेली तर गेली, हेसुद्धा कळलं.

"भाजी गरम करतो," तो म्हणाला.

शुक्रवारी ती आली. उपेंद्रनं बोलावलं नव्हतं, पण चारच्या सुमाराला ती दारात उभी होती, कारखान्यातून थेट, केस अजून कामावरच्या टोपीनं दबलेले. खोलीत सहकारी, त्यांच्या बायका, नवरे, मुलं, बिस्किटांच्या ताटल्या. ओर्ला सगळ्यांना शहर समजावत होती. उपेंद्रनं एकदम स्क्रीनकडे पाहिलं. चपला काढायच्या राहिल्या होत्या. राहिल्या होत्या म्हणजे, रोज सकाळी तो काढायला बसत होता आणि रोज संध्याकाळी त्या तिथंच होत्या.

"तू केतकी ना?" ओर्ला म्हणाली. "ये, पुढचा नंबर तुझा. तुझ्या नवऱ्यानं फार सुंदर घरं बांधलीत. थोडी भारतीय झालीत, पण मी लक्ष ठेवून आहे."

केतकी अवघडून हसली. हेडसेट घातल्यावर ती क्षणभर डुलली, मग सावरली. स्क्रीनवर नदी आली, नाट्यगृहाच्या पायऱ्या आल्या. ती सावकाश चालत होती. ज्यानं हे शहर वसवलं त्याची समाधी वाटेत होती आणि समाधीच्या आवारात एक कोरलेला दगड होता. ग्रीसमधल्या मोठ्या देवस्थानातली वचनं कुणीतरी उतरवून घेऊन एवढ्या लांब आणली होती. त्यातली शेवटची पाच शिल्लक होती. दगडाशेजारी त्यांचा अर्थ इंग्रजीत तरंगत होता. लहानपणी शहाण्यासारखं वाग. तरुणपणी मन आवर. मध्यम वयात न्यायानं वाग. म्हातारपणी चांगला सल्ला दे. मरताना दुःख करू नकोस.

केतकी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेली आणि परत पहिलीवर आली.

"पहिलीच ओळ आली तिच्या वाट्याला," ती मराठीत म्हणाली, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "तीपण अर्धी. शहाण्यासारखी वागायची कुठे."

खोलीत मराठी कळणारे दोघंतिघंच होते. जयेशच्या बायकोनं खाली पाहिलं.

मग केतकी रस्त्यानं पुढे गेली आणि दार दिसल्यावर अंगणात शिरली. नदीकडे जायचा रस्ता सोडून ती याच घरात का वळली ते सांगता येणार नाही, बहुधा दार उघडं होतं म्हणून. ओसरीचे दोन खांब आले. उंबरा आला.

ती थांबली. स्क्रीनवरचं चित्र हळूहळू खाली झुकलं. दोन मोठे जोड आणि एक लहान, लहानातली डावी उलटी. ओर्लाच्याही ते लक्षात आलं. तिनं उपेंद्रकडे पाहिलं.

केतकी गालिच्यावर उकिडवी बसली. तिनं हात पुढे केला. स्क्रीनवरचा हात चपलेतून आरपार गेला. तिनं परत केला. परत आरपार. चपला ही नुसती शोभा होती. कुणी त्या उचलेल असं शहर बांधताना कुणाच्या मनात आलं नव्हतं. तिसऱ्यांदा तिचा हात जमिनीला टेकला आणि गालिच्यावरून चाचपडत राहिला. एक मूल हसलं. त्याच्या आईनं त्याला दटावलं.

उपेंद्र उठला आणि कीबोर्डपाशी गेला. लहान चप्पल निवडली. वस्तूच्या गुणांच्या यादीत एक चौकोन होता, उचलता येईल की नाही ते ठरवणारा. त्यात त्यानं खूण केली. दुसऱ्या चपलेलाही केली.

केतकीच्या हाताला चप्पल लागली. ती उचलली गेली. तिनं ती सरळ केली आणि उंबऱ्याला समांतर ठेवली. उपेंद्रला वाटलं, झालं, आता ती उठेल. ती उठली नाही. तिनं दुसरी उचलली, उजवी, जी नीट होती. ती पालथी केली आणि जरा तिरकी, पहिलीपासून वीतभर लांब, टाकून दिली. मग तिनं हेडसेट काढला. कपाळावर त्याचा लाल वळ उमटला होता.

"छान आहे," ती ओर्लाला इंग्रजीत म्हणाली. "थँक यू." आणि पर्स उचलून बाहेर पडली.

उपेंद्र तिच्यामागे निघाला. दारात ओर्लानं त्याच्या दंडाला हात लावला. "मी अजून त्या घरापर्यंत पोचलेली नाही असं समज," ती हळूच म्हणाली.

पार्किंगमध्ये बारीक पाऊस होता, छत्री उघडण्याइतका नव्हे. केतकी त्याच्या गाडीपाशी उभी होती.

"कुणाला विचारून ठेवल्यास?" ती म्हणाली.

"ठेवल्या नाहीत. म्हणजे, मला कळलं नाही."

"कळलं नाही? सगळ्या जगासमोर तिच्या चपला मांडून ठेवायच्या, आणि घरात माझ्यासमोर तोंड उघडायचं नाही? मी परवा दिवशी चाललेय, अजून तू भाजी गरम करतोयस!"

टायरच्या दुकानातला माणूस काम थांबवून बघू लागला. केतकीचा आवाज इतका चढलेला उपेंद्रनं वर्षभरात ऐकला नव्हता.

"आणि चूक ठेवल्यास," ती म्हणाली. "उजवी उलटी असायची. नेहमी उजवी."

"डावी," उपेंद्र म्हणाला.

"उजवी! रोज मी सरळ करायचे."

"डावीच. तू नीट बघितलं नाहीस."

"मी बघितलं नाही? मी?"

"हो, तू! तू यायचीस तेव्हा ती आत गेलेली असायची. बाहेर उभा मी असायचो." त्याचाही आवाज चढला होता, आणि तो चढतोय हे त्याला कळत नव्हतं. "सानू माझा हात धरायची. उजव्या पायावर उभी राहायची आणि डावा पाय झटकायची, जोरात, चप्पल पार त्या कुंडीपर्यंत जायची. सानूचा उजवा पाय जमिनीवर असायचा. मग उजवी कशी उलटी पडेल? सांग ना! कशी पडेल?"

केतकीचा हात गाडीच्या दारावर होता, तो तिथंच राहिला. पाऊस तिच्या दबलेल्या केसांवर बारीक थेंबांनी साचत होता.

"आणि उजवी?" तिनं विचारलं. आवाज खाली आला होता. "उजवी कशी काढायची?"

उपेंद्रनं तोंड उघडलं. उत्तर त्याला माहीत होतं. रोजचंच होतं.

"उजवी मी काढायचो," तो म्हणाला. "तिला तो पट्टा निघायचा नाही. खाली बसून मी... उजवी मी काढायचो, केतकी. आणि सरळ ठेवायचो."

टायरच्या दुकानातला माणूस आत गेला. बिझनेस पार्कच्या फाटकातून एक बस वळून निघून गेली. केतकी गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला आली आणि तिनं हात पुढे केला.

"चावी दे," ती म्हणाली. "तुला आत्ता रस्ता दिसणार नाही."